मार्था, यंदा काय धरायचं होतं?

मार्था,

‘मंगळवारी सांगते’ म्हणालीस आणि रविवारी निघून गेलीस. ही काय रीत झाली वं?

शनिवारी संध्याकाळी तुझ्या फाटकाशी उभ्या होतो आपण. मी विचारलं, "यंदा काय?" तू डोळे बारीक करून हसलीस. "ठरवलं आहे मी. तुझं बी अन् माझं बी. पण आत्ता नाही सांगत. तू रात्रभर मनातल्या मनात भांडत बसशील. मंगळवारी सांगते." मी "बरं बाई" म्हटलं आणि घरी आले. तुला गोष्टी दाबून ठेवायला आवडायचं आणि मला ते चालवून घ्यायची सवय झाली होती.

सोमवारी तुझ्यावर मूठभर माती टाकताना रडू येण्याच्या आधी माझ्या मनात हेच आलं, की आता मला सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी मी सुधाकररावांना विचारलंसुद्धा. बिचारे खुर्चीत तसेच बसून होते. म्हणाले, "कमलताई, पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं मला विचारून काही ठरवलंय का?" तुझ्या लेकीला, लिलीला विचारलं. तिचे डोळे भरले. "मावशी, मले तर चहा सोड म्हणाली होती. तुमचं काही बोलली नाही."

आणि बुधवार काही तुझ्यासाठी थांबला नाही. सदर भागातल्या तुमच्या चर्चमधून लोक कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बाहेर पडत होते आणि मी रस्त्याच्या अलीकडे उभी राहून बघत होते. राखेच्या त्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा तुमचा उपासकाळ, तुम्ही ज्याला लेंट म्हणता, तो मी भिवापूरच्या कास्तकाराची लेक इतकी वर्षं तुझ्याबरोबर पाळत आले. देव तुझा, उपास तुझा आणि तब्येत सुधारली माझी. आपलं सगळं भांडणही त्याच्यावरच होतं. ते भांडणसुद्धा अर्धं टाकून गेलीस.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मी कशी दिसत होते, त्याची नक्कल तू कितीदा करून दाखवलीस. खांदे आत ओढलेले, मान खाली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. आमच्या ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. कावीळ झाली आणि बघता बघता माणूस हातचा गेला. मी मॅट्रिक झालेली, म्हणून टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली आणि महाल भागातल्या दिरांच्या घरातून मी रोज ट्रंक बोर्डावर यायला लागले. नागपूरहून मुंबईला नाहीतर कलकत्त्याला बोलायचं तर लोकांना आमच्याकडे कॉल लावून वाट बघत बसावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. तू शेजारच्या स्टुलावर. कानाला हेडसेट असेपर्यंत तुझा आवाज नुसता लोण्यासारखा, "नंबर प्लीज, सर." हेडसेट काढला की, "काहून वं, ह्या माणसाले घरी कोणी ऐकत नाही का? सारं माह्यावरच ओरडून राहिला."

मला हसू यायचं, पण मी हसायची नाही. तेव्हा मी काहीच करायची नाही, मार्था. जेवायचीही नाही. माझा सोमवार असे, गुरुवार असे, शनिवार असे. एकादशी, चतुर्थी, प्रदोष असे. उरलेल्या दिवशी भूक नसे. चहावर दिवस निघायचा. घरी मला कुणी छळत नव्हतं, उलट जाऊबाई पान वाढून हाक मारायच्या. मीच सांगायची, आज माझा उपास आहे. एवढं म्हटलं की पुढे कुणी आग्रह करत नसे. मला तेच हवं होतं. आग्रह नको, विचारपूस नको, ताट नको.

मग तो बुधवार आला. मी कुणाचा तरी अर्जंट कॉल जोडत होते. हातात लाइन जोडायची कॉर्ड होती आणि समोरचे दिवे एकदम लांब लांब जायला लागले. पुढचं मला आठवत नाही. तू सांगायचीस की मी स्टुलावरून पडले तेव्हा तू डाव्या हातानं मला धरलंस आणि उजव्या हातानं माझी कॉर्ड जागेवर लावून आधी तो कॉल जोडून दिलास. "कलकत्तेवाला वाट पाहून राहिला होता वं. तू कुठं पळून चालली होती?"

शुद्धीवर आले तेव्हा मी बायकांच्या आरामाच्या खोलीत बाकड्यावर होते. तू माझ्या तोंडावर पाणी मारत होतीस. तुझ्या कपाळावर काळा डाग होता. मला वाटलं, माझ्या गडबडीत तुला काहीतरी लागलं.

"तुझ्या कपाळाले काय झालं?"

"राख आहे. आज आमचा उपास सुरू होते. तू आज काय खाल्लं?"

"आज माझा पण उपास आहे."

"काल?"

मी पदर आणखी घट्ट ओढून घेतला.

"परवा?"

तू पाण्याचा पेला खाली ठेवलास आणि माझ्यासमोर जमिनीवर बसलीस. तुझा तो भला मोठा देह जमिनीवर टेकताना केवढा आवाज झाला! म्हणालीस, "कमल, मी लहानपणापासून उपास करते. मले उपास समजते. तू उपास नाही करत. तू उपाशी राहून राहिली. ते अलग आहे."

इतकं साधं वाक्य, पण मला ते ह्यांच्या मागे कुणी बोललंच नव्हतं. मी रडायला लागले. तू रडू दिलंस. मग तुझा डबा उघडलास. भाकरी, वांग्याची भाजी, वर भिवापुरी मिरचीचा ठेचा. मला नंतर कळलं, त्या दिवशी तुम्ही एकदाच जेवता आणि तेच तुझं दिवसभरातलं एकुलतं जेवण होतं. तू अर्धी भाकरी माझ्यापुढे धरलीस आणि मग काय वाटलं कोण जाणे, हात जरा मागे घेतलास. "आमच्या घरचं चालत नसेल तर राहू दे. उद्यापासून तुझ्या घरून आण. माह्या डब्यातलं नको खाऊ, पण खा." तो काळ तसा होता. असं विचारावं लागायचं. मी तुझ्या हातातून भाकरी घेतली. ठेचा इतका झणझणीत होता की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते दोघींनाही कळेना. "माह्या गावची मिरची आहे," मी म्हणाले. आपली ओळख खरी त्या क्षणी झाली, असं मी धरते.

तू तेव्हाच फर्मान काढलंस. "ईस्टरपर्यंत मी गोड सोडते. तू धर. दररोज एक टाइम गरम, पोटभर जेवायचं. तुझे सोमवार-शनिवार तोवर माह्याजवळ ठेव, ईस्टरले वापस देते."

"पण देवाचं केलेलं आहे ते."

"मग ह्या टाइमाले तेच्यासाठी जेव. तेवढं तर कर."

घरी जाऊबाईंनी पहिल्याच शनिवारी विचारलं, "काहून वं, आज शनिवार नाही का?" मी म्हटलं, "बाई, मी मार्थाचा उपास करून राहिली. त्यात जेवावं लागते." त्या हसायला लागल्या. त्यांना हसताना मी किती महिन्यांनी पाहिलं! नंतर त्या माझ्यासाठी तव्यावरची शेवटची भाकरी मुद्दाम उशिरा टाकायच्या, मी ड्युटीवरून येऊन गरम खावी म्हणून. त्यांचाही जीव टांगलेला होता, हे मला त्या भाकऱ्यांवरून कळलं. आपण उपाशी राहतो तेव्हा घरात आणखी कुणाकुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

ईस्टरला तू संत्रा बर्फीचा डबा घेऊन आलीस. मला दोन वड्या दिल्यास आणि उरलेला डबा बोर्डावर बसल्या बसल्या एकटीनं संपवलास. मी नुसती बघत राहिले. "आता तुझे उपास वापस घे," म्हणालीस. मी सोमवार तेवढा घेतला. बाकीचे तुझ्याकडेच राहिले. ते तू कुठे ठेवलेस हे मी कधी विचारलं नाही.

तेव्हापासून दरवर्षीचा हा रिवाज झाला. राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशी आपण ठरवायचो, कुणी काय सोडायचं नि कुणी काय धरायचं. एका वर्षी तू चुगल्या सोडल्यास. बुधवारी सोडल्यास आणि गुरुवारी दुपारी, सुपरवायझरबाई नवी पर्स घेऊन आल्या तेव्हा, पुन्हा धरल्यास. एका वर्षी मला तू दिवसाचं झोपणं सोडायला लावलंस आणि त्या वेळेत पेटी शिकायला पाठवलंस. पेटी मला आली नाही. पण ते मास्तर शिकवता शिकवता स्वतःच गात बसायचे ते ऐकायला मिळालं. एका वर्षी आपण दोघींनी रिकाम्या पोटी चहा प्यायचा सोडला, तो कायमचा सुटला. काही जमलं, बरंच फसलं. फसलं की तू म्हणायचीस, "लेंटमध्ये रविवार मोजत नाहीत," आणि तो दिवस रविवार नसायचा.

तुझं मात्र दरवर्षी एकच. गोड सोडायचं. आणि ईस्टरला डबाभर बर्फी.

मग तुला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं आणि तू माझ्याकडे येऊन ऐटीत म्हणालीस, "पाहा, लेंटमध्ये तपासलं तर साखर कमी, अन् एरवी तपासलं तर जास्त. देवाले मालूम आहे."

"देवाले मालूम आहे तर मग ईस्टरनंतर बी सोड ना."

तेव्हा आपलं ते मोठं भांडण झालं. तू ताडकन उठून उभी राहिलीस. "सणाच्या दिवशी तोंड पाडून बसू का मी? प्रभू उठला अन् मी काय दवाखान्याचं पथ्य पाळू? हे पथ्य नाही, कमल. लेंट पोटासाठी नसते. तेच्यासाठी असते. तू तर त्याले व्यायामशाळा करून टाकलं."

मला राग आला. मी म्हटलं, "मग मले काहून जेवायले लावलं होतं त्या साली? ते काय देवासाठी होतं?"

"हो," तू म्हणालीस. "देवासाठीच होतं."

मी तिथून निघून आले. पुढचे कित्येक दिवस आपण एका बोर्डावर शेजारी बसून एकमेकींशी बोललो नाही. "मुंबई लाइन रिकामी आहे का?" "आहे." बस, एवढंच. बोर्डावरच्या पोरींची फार कुचंबणा झाली. दोघींच्या मधून निरोप न्यायचे कुणी?

भांडण मिटवलं ते तुझ्या पायानं. नव्या चपलेनं अंगठा सोलला होता. इतकीशी जखम, पण ती भरेना. मग काळी पडायला लागली. सुधाकरराव स्वतः एक्सचेंजच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच मी समजले. दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. डॉक्टरीणबाई मला बाहेर म्हणाल्या, "अंगठा वाचेल का, आज सांगता येणार नाही. वाचला तरी ह्या बाईंना आपलं राहणं बदलावं लागेल. नाहीतर पुढच्या वेळी अंगठ्यावर भागणार नाही."

मी आत आले. तू वळली नाहीस. भिंतीलाच विचारलंस, "माळ्याच्या पायऱ्या चढता येतील का वं मले?"

तुमच्या चर्चमध्ये गाणारे लोक वरच्या लाकडी माळ्यावर बसतात. तू लग्नाआधीपासून तिथे गात होतीस. पाय जाईल, डोळे जातील, नोकरी जाईल, यातलं काही तू विचारलं नाहीस. तू तेवढंच विचारलंस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "चढशील." मला काय माहीत होतं? काही नाही. पण ट्रंक बोर्डावर आपण हेच तर करायचो. समोरचा माणूस घाबरून विचारायचा, लागेल ना कॉल? आणि आपण म्हणायचो, लागेल, लाइनवर राहा.

अंगठा वाचला. जखम भरायला पावसाळा आणि हिवाळा गेला. मग पुन्हा तो मंगळवार आला. ह्या वेळी मी तुला बोलूच दिलं नाही. तोवर मला सरकारी क्वार्टर मिळालं होतं, तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी सकाळीच येऊन सांगितलं, "यंदा तू काही सोडायचं नाही. यंदा धरायचं. उद्यापासून माह्यासोबत चालायले यायचं, सेमिनरी हिल्सकडे."

"अन् देव?"

"देवाले बी घे सोबत. मी काही नाही म्हणत नाही."

तू चिडून मला तशीच ओढत चर्चवर नेलंस. फादर पायऱ्यांवरच भेटले. ते मूळचे केरळकडचे, नागपुरात राहून हिंदी शिकलेले. तू त्यांना सगळं भांडण सांगितलंस आणि विचारलंस, "फादर, तब्येत के लिए लेंट रखना पाप है कि नहीं?" त्यांनी तुझं ऐकलं, माझं ऐकलं, तुझ्या पायाकडे बघितलं. म्हणाले, "मार्था, झगडा करो. ज़रूर करो. लेकिन चलते-चलते करो."

पहिल्या दिवशी आपण पुलियापर्यंत, रस्त्यावरच्या त्या छोट्या पुलापर्यंत, गेलो. तू त्या पुलियावर बसलीस आणि म्हणालीस, इथंच माझं थडगं बांधा. दुसऱ्या दिवशी तिथपर्यंत शिव्या देत आलीस. मग हळूहळू शिव्या चढापर्यंत पुरायला लागल्या. तिथल्या झाडांत सकाळी मोर ओरडायचे. तू त्यांना ओरडून उत्तर द्यायचीस आणि दूधवाले सायकली थांबवून बघायचे. भाताऐवजी ज्वारीची भाकरी आली. चपलेऐवजी सुधाकररावांनी आणलेले कापडी बूट आले, साडीखाली. "मी काय पोलीस आहे का?" म्हणालीस, पण घातलेस. आणि आपण बोलत होतो, मार्था. आपण इतकी वर्षं बोर्डावर शेजारी बसून दुसऱ्यांची बोलणी जोडली. स्वतःचं बोलायला निवांत वेळ मिळाला तो त्या रस्त्यावर. ह्यांच्या आजाराबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल मी पहिल्यांदा सविस्तर बोलले ते तिथे. तू मध्ये एक शब्द बोलली नाहीस. तुझ्यासाठी तो उपासच असणार.

ईस्टर आला. तू बर्फीचा डबा उघडलास, एक वडी घेतलीस आणि उरलेला डबा गाणाऱ्या पोरांमध्ये फिरवलास. ती एक वडी तू इतकी हळूहळू खात होतीस की मला दुसरीकडे बघावं लागलं.

पण मला खरी धास्ती सोमवारची होती. उपासकाळ संपला होता. आता तुला कुणी बांधलेलं नव्हतं. मी सकाळी उठले, तयार झाले, फाटकाशी येऊन उभी राहिले. तू दिसली नाहीस. आणखी थोडा वेळ थांबले. उजाडलं. मी मनाची समजूत घातली की जेवढं झालं तेवढं पुष्कळ झालं, आणि एकटीच निघाले. वळणावर मागून आवाज आला, "थांब वं! काय घोड्यासारखी पळून राहिली!"

तू धापा टाकत येत होतीस. केस विस्कटलेले, बुटांची नाडी सुटलेली.

"तू कशी काय आली? लेंट तर संपलं."

"मले मालूम आहे," तू म्हणालीस. "पायाले मालूम नाही ना. पहाटेच उठून बसले."

मी खाली बसून तुझी नाडी बांधली. वर बघितलं नाही. बघितलं असतं तर तू मला महिनाभर चिडवलं असतंस.

त्या वर्षी नाताळात तू माळ्यावर चढलीस. मी खालच्या बाकावर जाऊन बसले होते. लाकडी पायऱ्या तुझ्या वजनानं एकेक करून करकरत होत्या आणि मी प्रत्येकीला मनात म्हणत होते, चल, आणखी एक. मग वरून तुझा आवाज आला. मला तुमची गाणी कळत नाहीत, पण तो आवाज मी हजारांत ओळखला असता.

त्यानंतर किती चांगली वर्षं मिळाली आपल्याला! ट्रंक बोर्ड गेला, लोक घरबसल्या नंबर फिरवून थेट मुंबईशी बोलायला लागले. आपल्या बोर्डावरच्या कितीतरी जणी इकडेतिकडे पांगल्या. लिली शिकली, शाळेत शिकवायला लागली. आपण चालत राहिलो. त्या रविवारीही तू माळ्यावर गाऊन घरी आलीस, खुर्चीत बसलीस आणि सुधाकररावांना म्हणालीस, चहा टाका. ते चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तू गेलेली होतीस. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आता म्हाताऱ्या झाल्यात. तुझा पाय हातात घेऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "हृदयाचं कुणाला सांगता येत नाही. पण एवढ्या जुन्या साखरेवर असे पाय मी पाहिलेले नाहीत." लिली तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडली.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. त्या दिवशी तू माझ्यासमोर अर्धी भाकरी धरलीस ना, तेव्हा मी जगायचं की नाही ते ठरवलेलं नव्हतं. मरायचं असं काही मनात नव्हतं, पण जगायचंही नव्हतं. तू मला काही शिकवलं नाहीस, समजावलं नाहीस. रोज एकदा गरम जेव म्हणालीस, तेही ठरावीक दिवसांपुरतं. कायमचं म्हणाली असतीस तर मला ते झेपलं नसतं. ईस्टरपर्यंतच तर आहे, असं म्हणत म्हणत मी जगायला लागले. ते देवासाठी होतं की माझ्यासाठी, यावर आपण चालता चालता इतकी वर्षं वाद घातला. तू तुझं सोडलं नाहीस, मी माझं सोडलं नाही. आता तू त्याच्याच घरी गेली आहेस. विचारून घे, आणि मी चुकले असेन तर तसंच राहू दे.

तर मग यंदाचं. तू काय ठरवलं होतंस ते कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा मला पहिल्यांदा माझं मलाच ठरवावं लागलं. बुधवारी मी एकटीच चालायला गेले. गुरुवारीही गेले. जमेना, मार्था. पाय चालतात, पण सारखं उजव्या बाजूला बघितलं जातं आणि तिथे कुणी नसतं. पुलियाशी येऊन परत फिरले. तिसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात लिलीची लेडीज सायकल उभी दिसली आणि माझ्या मनात आलं, सायकलवर शेजारी कुणाची जागाच नसते.

मी लिलीला म्हटलं, "मले सायकल शिकव."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, ह्या वयात?"

"ईस्टरपर्यंतच. नंतर पाहू."

तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी ती मला चर्चमागच्या मैदानात घेऊन जाते. मी दोनदा पडले आहे. एकदा बाभळीच्या काट्यांत. समोरच्या बाई कुंपणाशी येऊन सुनेला सांगत होत्या, "पाहा वं, डोकरी सायकल शिकून राहिली." गुडघा सोलला तेव्हा सुधाकरराव टिंक्चर घेऊन धावत आले, माझा अवतार बघितला आणि हसायला लागले. इतके हसले की कट्ट्यावर बसावं लागलं. लिली त्यांच्याकडे बघत होती. त्यानंतर तेही रोज येतात. टिंक्चरची बाटली खिशात घेऊन येतात आणि मैदानाला दोन चकरा मारून जातात.

आज उपासकाळाचा तिसरा आठवडा संपला. मला आता सरळ चालवता येते. ब्रेक लावता येतो. डावीकडे वळता येतं, उजवीकडे मात्र अजून हँडल वळत नाही. तेव्हा सध्या मी सगळीकडे डावीकडूनच जाते.

तुझी,
कमल